उत्तरेची खिडकी

"आणि आता बघा," असं म्हणून विक्रीप्रतिनिधीनं पडद्यावरचा सूर्य बोटानं उचलला आणि इमारतीच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवला.

पडद्यावरच्या सगळ्या सावल्या निमूटपणे वळल्या. मघापर्यंत काळवंडलेली दर्शनी भिंत लख्ख झाली, गच्चीतल्या झाडांच्या पानांवर चमक आली. बैठकीच्या खोलीत सात माणसं बसली होती, त्यांतली सहा "वा" म्हणाली. सातवे उन्हाळेकाका. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर घेतला आणि विचारलं,

"यात उत्तर दिशा कुठे धरलीय?"

"तुम्ही म्हणाल तिथे, सर," प्रतिनिधी खुशीत म्हणाला. "दिशेची कटकटच ठेवलेली नाही. ऊन हवं तिथे न्यायचं आणि सोडायचं. संपलं."

काकांनी मान डोलावली आणि समोरच्या वहीत लिहिलं : दिशा – नाही. मग त्या 'नाही'खाली रेघ मारली.

हे वास्तुरचनाकारांचं ऑफिस होतं. घरांचे, शाळांचे, दवाखान्यांचे आराखडे इथे तयार होत. आराखड्यातल्या रेघा ज्यांना कळत नाहीत त्यांच्यासाठी, म्हणजे जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाइकासाठी, त्या रेघांची चित्रं करावी लागत. हे काम एकतीस वर्षं काकांकडे होतं. आधी जलरंगात आणि मग संगणकावर. त्यांच्या चित्रात आभाळ कधी भरून आलं नाही आणि कुठलीही दर्शनी भिंत सावलीत गेली नाही, म्हणून ऑफिसनं त्यांचं नाव उन्हाळेकाका पाडलं होतं. खरं आडनाव आता फक्त हजेरीपटाला माहीत होतं.

ते ज्या सॉफ्टवेअरवर चित्रं करत ते बनवणाऱ्या कंपनीनं वर्षापूर्वीच हात वर केले होते. नवे संगणक त्याला ओळख दाखवेनात. तेव्हा नवं घेणं भाग होतं. तीन आणवली होती. एकानं पहिल्याच दिवशी संगणक गोठवला आणि स्वतःचा निकाल स्वतःच लावला. उरली दोन. बोटानं सूर्य हलवणाऱ्याला ऑफिसनं 'झटपट' म्हणायला सुरुवात केली, दुसऱ्याला 'काटेकोर'. काटेकोर आधी जागा विचारी, मग तारीख, मग वेळ; सूर्य तिथे ज्या उंचीवर असेल तिथेच ठेवी, आणि चित्राच्या कोपऱ्यात हे सगळं बारीक अक्षरात छापून टाकी. ती अक्षरं काढायची सोय नव्हती. चित्र व्हायला पाऊण तास लागे तो वेगळाच.

"शुक्रवारी मला एक काय ते सांगा, काका," बैठक उठताना ताई म्हणाली. ही ऑफिस काढणाऱ्या थोरल्या सरांची मुलगी. काकांपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण ऑफिस तीच चालवत असल्यामुळे सगळ्यांची, काकांचीसुद्धा, ताई. "वापरायचं तुम्हालाच आहे. पण खरं सांगू? मला तर झटपट आवडलंय."

"बघतो, ताई," काका म्हणाले.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये घड्याळाच्या तबकडीसारखं एक चक्र होतं आणि त्यावर उत्तर दिशेचा बाण. बाण आराखड्याप्रमाणे ठेवला की ऊन जिथे पडायचं तिथेच पडे. पण घरं काही चित्रासाठी बांधलेली नसतात. नेमकी महत्त्वाची बाजू अंधारात जाई, चित्र मलूल दिसे, आणि थोरले सर खांद्यावरून वाकून म्हणत, "हे मेलंय. जिवंत कर." मग काका बाण फिरवत. कधी थोडा, कधी पार उलटा. सगळीच ऑफिसं हे करत. त्याला खोटं कोणी म्हणत नसे. 'उत्तर फिरवणं' म्हणत, फोटो काढण्याआधी केस विंचरावेत तितक्या सहजपणे.

एकवीस वर्षांपूर्वी काकांनी असंच एका इमारतीचं उत्तर फिरवलं. मागच्या अंगाच्या घरांना गिऱ्हाईक मिळेना. तिथल्या एका खोलीचं चित्र करायचं होतं : खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर काचेच्या भांड्यात लिंबं. खिडकी उत्तरेला. चित्र मेलेलं. काकांनी बाण फिरवला आणि टेबलावर सकाळचं तिरपं ऊन सांडलं. लिंबं अशी उजळली की थोरल्या सरांनी पाठीवर थाप मारली. आयुष्यात दोनदाच मारली, त्यांतली ही पहिली.

छपाईचे रंग घरी बघावेत म्हणून काकांनी ते चित्र पिशवीत घालून नेलं. बायको शिवणकाम करायची. भाड्याच्या खोलीत, दाराशी मशीन लावून, येणाऱ्याजाणाऱ्याला पाय आखडून वाट देत. तिनं चित्र हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

"इथे माझं मशीन बसेल," ती म्हणाली.

"अगं, चित्र आहे ते."

"तुम्हीच काढलंय ना? मग झालं तर."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. काकांना ते तेव्हाही कळत होतं. पण तिचा चेहरा इतका फुललेला होता, आणि नवऱ्याच्या कामाचं तिनं कौतुक करण्याची वेळ इतकी क्वचित येई, की ते म्हणाले, "बघू." बघू बघू म्हणता घर घेतलं. राहायला गेले तेव्हा खोलीत ऊन नव्हतं. काका म्हणाले, बाहेर बांधकामाचे बांबू अजून काढायचेत. बांबू निघाले तोवर नशिबानं समोरच्या रिकाम्या जागेवर चार मजली इमारत उभी राहिली, आणि काकांच्या जिवात जीव आला.

"ही मेली आडवी आली," बायको म्हणाली.

"हो ना," काका म्हणाले.

दिशा हा बायकोचा विषय नव्हता. ती रस्तासुद्धा 'दवाखान्याच्या अंगाला' असा सांगे. शिवाय चारी बाजूंनी इमारती. या घरातून सूर्य उगवताना कोणालाच कधी दिसला नव्हता, तेव्हा तो कुठून उगवतो यावर वाद होण्याचं कारण नव्हतं. तिनं सगळा दोष समोरच्या इमारतीच्या पदरात घातला. इमारतीशी भांडता येत नाही, म्हणून नेमक्या समोरच्या खिडकीत दिसणाऱ्या बाईशी तिनं वैर धरलं. तिचं नाव ठेवलं सावलीबाई. आणि सावलीबाईचं तोंड दिसू नये म्हणून दुपदरी जाड कापडाचा पडदा शिवून खिडकीला लावला, त्यामुळे जो काही उजेड येत होता तोही थांबला. एकोणीस वर्षं ती ट्यूबच्या उजेडात शिवत आली. चष्म्याचा नंबर तीनदा वाढला. काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही म्हणून काळं काम ती घेतच नसे.

आणि आता समोरची इमारत पाडत होते.

त्या संध्याकाळी काका घरी आले तेव्हा पडदा बाजूला सारलेला होता. बायको खिडकीत उभी होती. समोर धूळ होती आणि चारपैकी दोन मजले उरले होते.

"अहो, आभाळ दिसायला लागलं," ती म्हणाली. "मुकादमाला विचारलं मी खाली जाऊन. म्हणाला, रविवारपर्यंत तुमच्या खिडकीच्या खाली येतो."

"नवी बांधतीलच की."

"बांधू देत! दोन वर्षं तरी लागतील ना? एकोणीस वर्षं तिनं माझं ऊन खाल्लं, दोन वर्षं मी खाते. माझ्या नणंदेनं नाही छळलं मला इतकं."

नणंद म्हणजे काकांची सख्खी बहीण. काकांनी चहा ओतून घेतला.

"घर सोडून गेली ना ती, त्या दिवशी खिडकीत उभी राहून हात हलवत होती," बायको म्हणाली. "निर्लज्ज. मी सर्रकन पडदा ओढला." हे ती चौथ्यांदा सांगत होती, आणि चौथ्यांदा तिला तितकंच समाधान झालं. मग मशीनवरचं झाकण काढून ती म्हणाली, "आणि सांगायचंच राहिलं. हॉटेलवाल्याचं काम घेतलं मी. वेटरांचे बारा कोट. काळे."

काकांनी चहाचा कप तोंडापर्यंत नेला होता, तो तसाच खाली ठेवला.

"काळे कशाला घेतलेस?"

"आता कशाला घाबरायचं? सोमवारपासून ऊन आहे की. दोन वर्षांपूर्वी हेच काम परत पाठवलं होतं मी. तो माणूस म्हणाला, बाई, आता दिसतं का? म्हटलं, दिसेल." तिनं मशीन खिडकीकडे बोटभर सरकवलं, मागे होऊन पाहिलं आणि आणखी बोटभर सरकवलं.

दोन्ही सॉफ्टवेअर संगणकातल्या एकाच इमारतीच्या मॉडेलवर तपासायची असं ठरलं होतं. कुठलं मॉडेल घ्यायचं हे काकांवर सोपवलं होतं. जुन्या कामांचा साठा उघडून ते बराच वेळ यादी वरखाली करत बसले. मग त्यांनी आपल्याच घराची इमारत काढली. कोणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं : जे घर रोज डोळ्यांसमोर असतं त्याच्याशीच चित्र ताडून पाहता येतं. कोणी विचारलं नाही.

झटपटमध्ये तीच खोली, तेच टेबल, तीच लिंबं आली. काकांनी बोटानं सूर्य ओढला आणि सव्वा मिनिटात टेबलावर ऊन पडलं. एकवीस वर्षांपूर्वी या उन्हाला त्यांना दोन दिवस लागले होते. आताचं ऊन जास्त चांगलं होतं. लिंबांच्या सालीवरचे बारीक खड्डेसुद्धा दिसत होते.

मग त्यांनी काटेकोर उघडलं. जागा भरली. उत्तर दिशेचा रकाना आला तेव्हा मूळ आराखडा टेबलावर पसरून कोनमापकानं कोन मोजला आणि जसा होता तसा घातला. हे काम त्यांनी पूर्वी शेकडो वेळा केलं होतं, तरी कोन पुन्हा एकदा मोजून पाहिला.

त्या जुन्या मॉडेलमध्ये आजूबाजूच्या इमारती होत्या, समोरची मात्र नव्हतीच. तेव्हा ती बांधलेली नव्हती. म्हणजे रविवारी जे होणार होतं ते काकांना बुधवारी दुपारी दिसत होतं. त्यांनी एक चित्र काढलं आणि मग वर्षाच्या प्रत्येक सकाळची नुसती ऊनसावली मागवली, तिला चित्राइतका वेळ लागत नसे. जेवणाची सुट्टी संपली, माणसं जागेवर परतली, संगणक एकेक दिवस पुढे सरकत राहिला. खोलीत उजेड होता, ऊन नव्हतं. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या मागेपुढे नऊ दिवस, रोज अकरा मिनिटं, खिडकीच्या डाव्या चौकटीवर दोन बोटं रुंदीची एक पट्टी उजळत होती. ती आत येत नव्हती.

आपण इतकी वर्षं काय केलं ते काकांना माहीत होतंच. पण माहीत असणं वेगळं आणि असं तारीखवार छापून हातात येणं वेगळं. त्यांना स्वतःची लाज वाटली. दोन्ही चित्रांच्या प्रती काढून त्यांनी वहीत ठेवल्या.

शुक्रवारी ताईनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि लगेच डाव्यावर बोट ठेवलं.

"यात विचार करण्यासारखं काय आहे, काका?"

"माझं मत उजव्याचं आहे."

"हे?" ताईनं उजवा कागद उचलला. "हे तर… काय म्हणायचे बाबा? मेलंय."

"हो. पण ते तसंच आहे."

"गिऱ्हाइकाला ऊन हवं असतं हो. आणि तुम्हीच म्हणताय हे? आख्खं आयुष्य तुम्ही उत्तर फिरवलंत. माझ्या लहानपणापासून बघतेय."

"म्हणूनच म्हणतोय." पुढचं बोलायचं काकांनी ठरवलेलं नव्हतं. "या खिडकीत ऊन येत नाही, ताई. मी राहतो तिथे."

ताईनं कागदाकडे पाहिलं, मग काकांकडे. या इमारतीच्या जाहिरातीचं चित्र बाहेर भिंतीवर चौकटीत लावलेलं होतं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवायची ऑफिसची पद्धत होती.

"काकूंना माहीत आहे?" तिनं हळूच विचारलं.

"आज सांगतो."

"मी विचार करते, काका," ताई म्हणाली, आणि तिनं दोन्ही कागद अगदी जपून त्यांच्या हातात दिले.

घरी गेल्यावर त्यांनी पायांतले बूटही काढले नाहीत. ते कागद मशीनच्या फळीवर ठेवले.

"हे काय?" बायकोनं चष्मा लावला. "ही आपलीच खिडकी की. हे तर ते जुनंच चित्र."

"हो. ते मी केलेलं. आणि हे खरं."

"यात ती इमारत नाहीये?"

"नाहीये."

"मग अंधार कशानं?"

"इमारत नसती तरी ऊन आलं नसतं. आपली खिडकी उत्तरेला आहे. चित्रात मी दिशा फिरवली होती. सर म्हणाले म्हणून… नाही, मी फिरवली."

ती कागदाकडे बघत राहिली. बाहेर घण पडत होते. दोन घणांच्या मध्ये मजुरांचं बोलणं ऐकू येत होतं.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"चित्र करतानाच."

तिनं मशीनच्या चाकावर हात ठेवला. चाक अर्धं फिरलं आणि थांबलं. ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. त्याची त्यांनी जिन्यातच तयारी केली होती. ती ओरडली नाही.

"आणि त्या बाई?" तिनं विचारलं.

'सावलीबाई' असं ती म्हणाली नाही. काकांना पटकन कळलंच नाही ती कोणाबद्दल बोलतेय.

"पहिल्या वर्षी कापड घेऊन आल्या होत्या त्या, शिवायला," ती म्हणाली. "दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, वेळ नाही. वेळच वेळ होता मला, एक गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा. तरी दोनदा आल्या. मग यायच्या बंद झाल्या." तिनं चष्मा काढला. "तुम्ही घरात होतात. दोन्ही वेळेला. तिथे बसून पेपर वाचत होतात."

त्या इमारतीनं थोडा उजेड अडवला होता, एवढं तरी खरं होतं. हे वाक्य काकांच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"होतो," ते म्हणाले.

"कुठे राहायला गेल्या, काही माहीत आहे?"

"नाही."

शनिवारी ती खाली जाऊन मुकादमालाच विचारून आली. मुकादम म्हणाला, "माणसं आधीच गेलेली असतात, बाई. आमच्या हाती नुसत्या भिंती येतात." तिनं हे काकांना सांगितलं, मुकादमाच्याच सुरात, आणि पुढे दिवसभर दुसरं काही बोलली नाही. जेवायला वाढलं, कपडे वाळत घातले, कोटांची मापं काढली. रविवारी दुपारी समोरची ती खिडकी चौकटीसकट आत कोसळली. दोघं घरातच होती. कोणी उठून पाहिलं नाही.

सोमवारी ताईनं झटपट घेतलं. काकांना आपल्या खोलीत बोलावून तिनं ते स्वतः सांगितलं, इतरांच्या आधी. "तुमचं पटतं मला, काका. पण दुसरी ऑफिसं ऊन दाखवणार आणि आपण नाही, असं नाही चालायचं हो." काका म्हणाले, खरं आहे. जागेवर येऊन त्यांनी पहिलं चित्र केलं, एका शाळेचं, आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःच तारीख, वेळ आणि उत्तरेचा बाण घातला. ताईनं ते पाहून छपाईला पाठवलं. छापताना तो कोपरा कापला जातो, हे दोघांनाही माहीत होतं.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा खिडकी उघडी बोडकी होती. खोलीत इतका उजेड त्यांनी कधी पाहिला नव्हता. सगळीकडे सारखा आणि कुठेच ऊन नसलेला. मशीन होतं तिथेच, खिडकीशी होतं. फळीवर बारा कोटांचं काळं कापड रचून ठेवलं होतं. बायको जमिनीवर बसून पडदा उसवत होती.

"कापड चांगलं आहे," ती म्हणाली. शनिवारनंतर आपणहून ती पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलत होती. "कोटांच्या खिशांना होईल."

काका हात धुऊन आले आणि तिच्यासमोर बसले. तिनं पडद्याचं दुसरं टोक त्यांच्याकडे सरकवलं.

"घट्ट धरा. ढिलं सोडलंत तर फाटेल."

त्यांनी धरलं. ती ब्लेडनं एकेक टाका तोडत निघाली. तिनं घातलेली दुहेरी शिवण होती. सुटायला वेळ लागत होता. अंधारून आलं तेव्हा तिनं उठून ट्यूब लावली, पुन्हा येऊन बसली, आणि उसवता उसवता मधूनच मान वर करून खिडकीतून पलीकडे बघत राहिली, जिथे आता काहीच नव्हतं.